गैरहजर जंतूंचा आजार

क्रोन्स डिसीजच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला एक गोष्ट कायम छळत आली आहे. लहान आतड्याचं शेवटचं, सुजून आकसलेलं टोक कापून काढायचं, वरचं निरोगी आतडं मोठ्या आतड्याला जोडायचं, टाके घालायचे. रुग्ण घरी जातो, जेवूखाऊ लागतो. वर्षभरानं दुर्बिणीतून पाहावं, तर बहुतेकांच्या आतड्यात पुन्हा व्रण. आणि तेही नेमके जोडाच्या वरच्या अंगाला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी जे आतडं ठणठणीत होतं तिथंच.

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठ रुग्णालयात पॉल रुटगेर्ट्स यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. १९९१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिकत छापली. या पाच जणांचं खराब आतडं कापून जोड घातला होता. पण जोडाच्या वरच पोटावर तोंड काढून आतड्यातला ऐवज बाहेरच्या पिशवीत वळवला होता. सहा महिने त्या जोडावरून काहीच वाहिलं नाही. सहा महिन्यांनी तपासलं, तर पाचांपैकी एकालाही नवा व्रण नव्हता. मग पोटावरचं तोंड बंद करून प्रवाह पूर्ववत केला, आणि आजार परत आला. १९९८ मध्ये याच गटानं प्रयोग उलटा करून पाहिला. तीन रुग्णांच्या पिशवीत जमा होणारा त्यांचाच द्रव, बंद ठेवलेल्या त्या भागात सोडला. आठवडाभरात तिथं दाह सुरू झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं.

त्या द्रवात असतं काय? अर्धवट पचलेलं अन्न, पित्त, पाचकरस आणि जंतू. एवढ्यावरून एकट्या जंतूंवर ठपका ठेवणं घाईचं झालं असतं. पण त्याच सुमाराला अमेरिकेत डॅलसच्या प्रयोगशाळेतून दुसरा पुरावा आला होता. जनुकीय बदलामुळे ज्यांना हमखास आतड्याचा दाह होतो असे उंदीर तिथं जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवले, आणि त्यांना तो आजार झालाच नाही. जनुकं तीच, खाणंपिणं तेच. फक्त जंतू नव्हते.

तेव्हा जंतूंशिवाय हा आजार होत नाही, एवढं ठरलं. कोणता जंतू, हा पुढचा प्रश्न. संशोधक गुन्हेगार शोधायला निघाले आणि त्यांना प्रामुख्यानं सापडली ती गैरहजेरी.

आधी आजाराची ओळख. डॉक्टर ज्याला आयबीडी म्हणतात, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहक आजार, तो मुख्यतः दोन प्रकारचा. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्यापुरता असतो. गुदाशयापासून सुरू होऊन तो सलग वर सरकतो आणि आतल्या अस्तराची साल काढतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, मधे चांगला भाग सोडून पुन्हा पुढे उगवतो, आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर, कधी आरपार जातो. वारंवार जुलाब, रक्त आणि शेंब, पोटात कळा, वजन घटणं, थकवा. रुग्ण प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेतली शौचालयं मोजतो आणि रेल्वेत संडासाजवळचं आसन मागून घेतो. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो, काहीसा ओसरतो, पुन्हा उसळतो. नावातल्या साधर्म्यामुळे त्याची गल्लत आयबीएसशी केली जाते. त्यातही पोट बिघडतं, त्रासही खूप होतो. पण आतड्याला जखमा होत नाहीत आणि रक्त पडत नाही.

संडासवाटे रक्त गेलं की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: मूळव्याध. दुसरा अंदाज, ‘आव पडतेय’. औषधाच्या दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची पट्टी येते, चार दिवस बरं वाटतं, महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. भारतात याच्या जोडीला आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज दुर्बिणीतून, इतकंच काय बायॉप्सीतही, एकमेकांसारखे दिसू शकतात. क्षय समजून क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. आणि उलटी चूक झाली तर अधिकच वाईट, कारण क्रोन्सवरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं क्षयाच्या हाती कोलीत देतात.

हा घोळ आजचा नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयात बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा ‘हा क्षय नव्हे’ हेही त्यांना ठासून सांगायचं होतं. लेखकांची नावं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं छापली गेली आणि आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं. शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते ए. ए. बर्ग. लेखनात आपला हात नाही म्हणून त्यांनी नाव घालू दिलं नाही. दिलं असतं तर आज लोक ‘बर्ग्ज डिसीज’ म्हणत असते.

आता जंतूंकडे. एका माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. ‘माणसाच्या पेशींच्या दहापट जंतू’ आणि ‘दोन किलो जंतू’ ही वाक्यं अजूनही व्याख्यानांत ऐकू येतात. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी नीट हिशेब मांडला, तेव्हा जंतू आणि मानवी पेशींची संख्या जवळपास बरोबरीची आणि जंतूंचं वजन सुमारे २०० ग्रॅम निघालं. त्यातल्या कित्येकांना हवा सोसत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या साध्या बशीत ते वाढत नाहीत. विष्ठेतला सगळा डीएनए एकत्र वाचण्याचं तंत्र स्वस्त झालं आणि मगच ही खानेसुमारी शक्य झाली. २०१० मध्ये १२४ युरोपीय लोकांच्या विष्ठेतून जंतूंच्या तेहतीस लाख जनुकांची यादी तयार झाली. त्या लोकांत आयबीडीचे रुग्णही होते. त्यांच्याकडची जंतूंची जनुकं इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमी भरली.

कमी झालं कोण? सगळ्यात गाजलेलं नाव जरा जिभेला जड आहे: फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जंतूंत याचा वाटा साधारण पाच टक्के, म्हणजे एका जातीच्या मानानं दणदणीत. हवा लागली की काही मिनिटांत मरतो. २००८ साली पॅरिसमध्ये हॅरी सोकोल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या क्रोन्सच्या आतड्यांवर हा जंतू किती आहे ते मोजलं. ज्यांच्यात तो कमी होता, त्यांच्यात सहा महिन्यांनी आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. या जंतूच्या द्रवानं उंदरांमधला दाहही उतरला. लूव्हेनच्या त्या जोडावर काय घडत असावं, याचा एक धागा इथं हाती लागला.

हा जंतू आणि रोजबुरियासारखे त्याचे भाऊबंद करतात काय, तर आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा याच ब्युटिरेटमधून येतो. आपण जेवतो, पण या पेशींना वाढतात ते जंतू. ब्युटिरेट जाळताना पेशी रक्तातून आलेला प्राणवायू जवळजवळ सगळा वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो झिरपत नाही आणि हवा न सोसणारे जंतू सुखानं राहतात. म्हणजे हे जंतू पेशींना पोसतात आणि पेशी त्यांच्यासाठी घर प्राणवायूरहित ठेवतात.

दाह सुरू झाला की ही देवाणघेवाण मोडते. ब्युटिरेट बनवणारे घटतात, पेशी प्राणवायू जाळेनाशा होतात, तो पोकळीत उतरतो. शिवाय दाहाच्या ठिकाणी जमलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांतून नायट्रेट तयार होतं. हे दोन्ही ज्याला वापरता येतं तो ई. कोलाय आणि त्याचं गोत. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की सुजलेल्या आतड्यातलं नायट्रेट ‘श्वासाला’ वापरून ई. कोलाय भराभर वाढतो. एरवी तो आतड्यात मूठभर असतो. त्याची गर्दी झाली की दाह वाढतो, दाह वाढला की त्याची गर्दी वाढते. हे चक्र एकदा फिरू लागलं की आधी काय बिघडलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही.

तरी गुन्हेगार अगदीच सापडला नाही असं नाही. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ इथं आर्लेट दार्फ्य-मिशो यांनी क्रोन्सच्या रुग्णांच्या लहान आतड्यातून ई. कोलायचा एक वेगळाच वाण वेगळा केला. तो अस्तराला घट्ट चिकटतो, पेशीत शिरतो, आणि त्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीच्या पोटात मरण्याऐवजी तिथंच वाढतो. २००४ मधल्या त्यांच्या मोजणीत लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये जुन्या व्रणांच्या सुमारे २२ टक्के नमुन्यांत तो आढळला, निरोगी लोकांच्या सुमारे ६ टक्के. फरक मोठा आहे. पण तीन चतुर्थांश नमुन्यांत तो नव्हताच, आणि सहा टक्के माणसं त्याला पोटात घेऊन खुशाल हिंडत होती. क्षयाला क्षयाचा जंतू असतो तसा क्रोन्सचा जंतू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

असाच संशय गुरांमध्ये जोन्स डिसीज करणाऱ्या, क्षयाच्या कुळातल्या जंतूवर अनेक वर्षं होता. ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांना दोन वर्षं त्याच्याविरुद्ध अँटिबायोटिक्स देऊन पाहिली. टिकाऊ फायदा झाला नाही.

मग आधी कोण, जंतूंचा बिघाड की आजार? उत्तर अमेरिकेत नुकतंच निदान झालेल्या, अजून एकही औषध न घेतलेल्या मुलांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा बिघाड पहिल्याच दिवशी हजर होता. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे तो औषधांमुळे आलेला नाही. त्याहून पुढचं पाऊल कॅनडातून चाललेल्या ‘जेम’ प्रकल्पानं टाकलं. क्रोन्सच्या रुग्णांच्या तीन हजारांहून अधिक धडधाकट भावंडांचे आणि मुलांचे नमुने घेऊन ठेवले आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यातल्या ७३ जणांना पुढे क्रोन्स झाला. ज्यांना झाला आणि ज्यांना नाही झाला, त्यांच्या जंतूंतला फरक आजाराच्या कित्येक वर्षं आधी गोळा केलेल्या नमुन्यांतही दिसत होता. एकूण पारडं ‘बिघाड आधी’ या बाजूला झुकतंय, पण एकट्या बिघाडानं आजार होत नाही. जनुकांचा हात असतोच: २००१ मध्ये सापडलेलं नॉड-२ हे क्रोन्सचं पहिलं जनुक जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखण्याच्याच कामावरचं निघालं, आणि आता जनुकसंचातल्या अशा दोनशेहून अधिक जागा माहीत आहेत. तरीही एका जुळ्याला क्रोन्स झाला तर हुबेहूब जनुकं असलेल्या दुसऱ्याला तो होतोच असं नाही. निम्म्याहून अधिक वेळा होत नाही.

जंतूंची या आजारातली लुडबुड औषधापर्यंत पोचते, आणि हा भाग रुग्णांना क्वचितच कोणी सांगतं. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४०च्या आसपास सांधेदुखीसाठी एक संयुक्त औषध घडवलं, सल्फासालाझिन. सल्फा आणि सॅलिसिलेट एका रासायनिक बंधानं जोडलेले. कोलायटिस असलेल्यांना त्यानं गुण येतो हे लवकरच लक्षात आलं. का येतो, ते कळायला १९७७ उजाडलं. पुढे बांगलादेशात नामवंत झालेले डॉ. ए. के. आझाद खान आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की खरं काम औषधातला सॅलिसिलेटचा भाग करतो. गोळी लहान आतड्यातून बहुतांशी अखंड जाते; मोठ्या आतड्यातले जंतू तो बंध तोडतात आणि औषध नेमक्या जागी मोकळं होतं. तोच भाग आज मेसालाझिन म्हणून सुटा मिळतो आणि कोलायटिसच्या बहुतेक रुग्णांच्या औषधांच्या डब्यात तो असतोच. पण जंतूंचा हात दुधारी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं काही जिवाणूंची अशी एन्झाइम्स शोधली, जी मेसालाझिनचं रूप बदलून त्याला निष्प्रभ करतात. ज्यांच्या पोटात ती जास्त, त्यांच्यात औषध लागू न पडण्याचं प्रमाणही जास्त. दोन रुग्ण एकच गोळी, तेवढीच, त्याच वेळी घेतात आणि एकाला लागू पडते, दुसऱ्याला नाही, यामागचं एक कारण हे असू शकतं.

जंतू कमी झालेत, तर मग ते बाहेरून आणून घातले तर? इथं वाचकानं नाक मुठीत धरावं. निरोगी माणसाची विष्ठा सलाइनमध्ये कालवायची, गाळायची, सिरिंजमध्ये भरायची आणि दुर्बिणीच्या नळीतून किंवा एनिमानं रुग्णाच्या मोठ्या आतड्यात सोडायची. १९५८ मध्ये डेन्व्हरचे सर्जन बेन आइसमन यांनी अँटिबायोटिक्समुळे मरणाच्या दारात पोचलेल्या चार रुग्णांवर हा उपाय केला होता. जस्टिन बेनेट या अमेरिकी डॉक्टरानं आपल्या स्वतःच्या कोलायटिसवर तो करून घेतला आणि गुण आल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ला पत्रानं कळवलं. अँटिबायोटिक्सनंतर पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमच्या संसर्गावर हा उपाय आता सिद्ध आहे. अमेरिकेत त्याची तयार औषधंही २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली. आयबीडीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही.

कॅनडातल्या हॅमिल्टन इथं पॉल मोअय्येदी यांनी केलेली चाचणी या बाबतीत फार बोलकी आहे. कोलायटिसचे ७५ रुग्ण. निम्म्यांना आठवड्यातून एकदा विष्ठेचा एनिमा, निम्म्यांना पाण्याचा. मधेच आकडे तपासणाऱ्या समितीला वाटलं की यातून काही निघत नाही, म्हणून नवे रुग्ण घेणं थांबवलं. आधी घेतलेल्यांचे उपचार तेवढे पुरे केले. शेवटी हिशेब लागला तेव्हा विष्ठा मिळालेल्यांपैकी नऊ जणांचा आजार शमला होता, पाणी मिळालेल्यांपैकी दोघांचा. आणि त्या नऊपैकी सात जण एकाच दात्याचे! कागदपत्रांत त्याला ‘दाता बी’ एवढंच नाव आहे. कुणाचंही विरजण कुणाच्याही दुधाला लागत नाही, हे दही लावणाऱ्या घराला ठाऊक असतं.

त्यानंतरच्या चाचण्यांनी याचा धडा घेतला. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये अनेक दात्यांची विष्ठा एकत्र करून दिली, तेव्हा २७ टक्के रुग्णांना आराम पडला. नुसता देखावा केलेल्या गटात ८ टक्क्यांना. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातच दुसऱ्या गटानं प्राणवायू न लागू देता मिश्रण तयार केलं, म्हणजे हवा लागताच मरणारे आपले ते जंतू जिवंत पोचावेत. तिथं आकडे ३२ आणि ९. तीन रुग्णांत एक. वाईट नाही, पण चमत्कारही नाही.

भारतातलं काम इथं मोलाचं आहे. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अजित सूद यांच्या गटानं, या उपायानं बऱ्या झालेल्या रुग्णांना ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा तो देऊन आजार दूर ठेवता येतो का, हे तपासलं. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. विनीत आहुजा आणि डॉ. सौरभ केडिया यांनी वेगळीच जोडी जुळवली: दाते खेड्यांतले, आणि सोबत दाह कमी करणारा आहार. ६६ रुग्णांपैकी एका गटाला सात आठवडे दर आठवड्याला दुर्बिणीवाटे खेड्यातल्या अनेक दात्यांची ताजी विष्ठा आणि हा आहार. दुसऱ्याला नेहमीची औषधं. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ६० टक्क्यांची लक्षणं गेली होती, दुसऱ्यातल्या ३२ टक्क्यांची. शहरातल्या रुग्णासाठी दाता खेड्यातून आणावा लागतो, यातच पुष्कळ काही आलं.

कारण हा आजार शहराबरोबर, बदललेल्या खाण्याबरोबर फिरतो. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० माणसं तपासली, त्यांत कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखात ४४. ‘हा गोऱ्यांचा आजार’ हा समज तिथंच मोडला. इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेल्या भारतीयांत कोलायटिस तिथल्या मूळ रहिवाशांपेक्षाही जास्त आढळला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली आकडेवारी तर टोरांटोच्या मराठी मंडळांनीही वाचावी अशी आहे: भारतीय उपखंडात वाढून तिकडे गेलेल्यांना धोका कमी, त्यांच्या तिथं जन्मलेल्या मुलांना मात्र स्थानिकांइतकाच. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत.

काय बदलतं, याचे काही सुगावे आहेत. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला या जंतूचं प्राबल्य दिसलं, जे धान्य-डाळी-भाज्यांवर जगणाऱ्या लोकांत सहसा दिसतं. चोथा तुटला की काय होतं, ते मिशिगनच्या एरिक मार्टेन्स आणि लक्झेंबर्गच्या महेश देसाई यांनी २०१६ मध्ये उंदरांत दाखवलं: उपाशी जंतू आतड्याचं रक्षण करणारा श्लेष्माचा थरच खाऊ लागले. आइस्क्रीमपासून सॅलड ड्रेसिंगपर्यंत सगळ्यात पडणाऱ्या काही मिश्रणकारकांनीही उंदरांत तोच थर पातळ झाला.

यावरून ‘भाकरी-उसळ खा, कोलायटिस टाळा’ असा फलक रंगवायचा मोह होईल. आवरावा. आजार उसळलेला असताना, किंवा क्रोन्समुळे आतडं एखाद्या जागी अरुंद झालं असताना, चोथ्यानं आतडं अडून रुग्णाला थेट शस्त्रक्रियागृह गाठावं लागतं. आणि निसर्ग आपल्या सिद्धान्ताची कशी गंमत करतो ते पाहा. लहान मुलांच्या क्रोन्सवर सहा ते आठ आठवडे फक्त डब्यातला द्रव आहार, बाकी काहीही नाही, हा उपचार स्टेरॉइडइतकाच गुणकारी आहे. ग्लासगोत अशा मुलांची विष्ठा तपासली, तर मुलं बरी होत असताना फिकॅलिबॅक्टेरियम आणि ब्युटिरेट दोन्ही कमी झालेले! म्हणजे गैरहजेरी भरून काढणं हा एकच रस्ता नाही. काही वेळा जंतूंचं खाणंच तोडणं कामी येतं. या क्षेत्रात छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं ते यासाठी.

बाजार मात्र छातीठोकपणेच बोलतो. घरपोच डबी येते, नमुना पाठवा, जंतूंचा रंगीत अहवाल घ्या, सोबत तुमच्यासाठी खास प्रोबायोटिक. अशा अहवालावर आयबीडीचं निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाही. प्रोबायोटिकची बाजू अगदीच रिकामी नाही. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निसले यांनी १९१७ मध्ये एका जर्मन सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. त्याच्या आसपासचे लोक हगवणीनं आडवे झाले असता हा गडी ठणठणीत होता. तो वाण आजही विकला जातो, आणि २००४ मधल्या ३२७ रुग्णांच्या चाचणीत शमलेला कोलायटिस शमलेलाच ठेवण्यात तो मेसालाझिनच्या तोडीचा ठरला. क्लेरमाँ-फेराँचा खलनायक आणि फ्रायबुर्गचा रक्षक दोघेही ई. कोलायच. म्हणून नुसतं जंतूचं नाव वाचून डबी विकत घेण्यात अर्थ नसतो, वाण पाहावा लागतो. अमेरिकी गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी संघटनेनं २०२० मध्ये पुरावा चाळून सांगितलं, की क्रोन्स आणि कोलायटिसमध्ये प्रोबायोटिक्स संशोधनाच्या चौकटीतच द्यावीत. ताक पचत असेल तर जरूर प्यावं. पण त्यातले जंतू ते हरवलेले जंतू नव्हेत.

अँटिबायोटिक्सचं काय? स्वीडनमध्ये सुमारे २४ हजार नव्या रुग्णांचा आधीचा औषधांचा इतिहास पाहिला, तेव्हा अँटिबायोटिक्स घेतलेल्यांत आयबीडीचा धोका जवळपास दुप्पट आढळला. यातला काही भाग ‘आजार लपलेला होता म्हणूनच औषध घेतलं’ असाही असू शकतो. तरी पोट जरा ढिलं झालं की दुकानातून पट्टी आणायची आपली सवय सोडायला एवढं कारण पुरे आहे.

आणि एक इशारा, कारण इंटरनेटवर घरच्या घरी विष्ठारोपण करायच्या पाककृती मोकाट फिरत आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत दोन रुग्णांना दात्याच्या विष्ठेतून अँटिबायोटिक्सना दाद न देणारा ई. कोलाय गेला. दात्याची त्या जंतूसाठी तपासणी झाली नव्हती. एक रुग्ण दगावला. ते घरी केलेले प्रयोग नव्हते, वैद्यकीय चाचणीतले उपचार होते. मिक्सरवर हे करणाऱ्यानं तेवढं ध्यानात घ्यावं.

आजच्या घडीला आयबीडीवर जंतूंचा कोणताही उपचार अमेरिकेत मंजूर नाही. मेसालाझिन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं वगैरे हीच खरी औषधं आहेत. बरं वाटतंय म्हणून किंवा कुणी ‘जंतू सुधारून’ देतो म्हणाला म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नयेत. ज्यांचं निदानच झालेलं नाही, पण दोनतीन आठवड्यांहून जास्त काळ शौचातून रक्त जातंय, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागतंय किंवा वजन उतरतंय, त्यांनी मूळव्याधीचं मलम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. आतड्यातल्या दाहाचा अंदाज देणाऱ्या, विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनच्या साध्या तपासणीबद्दल विचारावं, आणि डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सुचवली तर लाजेपोटी ती टाळू नये.